बियाचं वांगं

आमचं गाव ठाऊक नसलं तरी आमच्या गावची वांग्याची भाजी पुष्कळांना ठाऊक असते. पौषात आमच्या गावी, हिवरा आश्रमाला, विवेकानंद जयंतीचा उत्सव असतो आणि शेवटच्या दिवशी पुरी-भाजीचा महाप्रसाद. लाखांनी माणसं शेतात रांगा धरून बसतात, वाढायला ट्रॅक्टर फिरतात. एका ट्रॉलीत पुऱ्या, दुसरीत भाजी. शुकदास महाराजांनी १९६५ साली विवेकानंद आश्रम काढला तेव्हा मी रांगत होतो, त्यामुळे आरंभीचं काही पाहिलं असं म्हटलं तर ते खोटं ठरेल. पण मला कळू लागलं तेव्हाची एक गोष्ट पक्की डोळ्यांसमोर आहे. वांग्यांचा ढीग. तो माणसाएवढा उंच होता की मी लहान होतो म्हणून तसा दिसला, कोण जाणे. भोवती विळ्या मांडून बसलेल्या बाया आणि त्यांत माझी आजी.

आजी चार वांगी चिरायची, पाचवं हातात घेऊन उलटंपालटं करायची आणि म्हणायची, "येवढा ढीग हाये, पन बियाचं एक नाई."

बाया हसायच्या. भाजीला कोवळं वांगंच लागतं, हे तिला काय कळत नव्हतं? भरीत असो, भरलेली वांगी असोत की महाप्रसाद, जून वांगं तीही शेळीपुढेच टाकायची. तिची काळजी वेगळी होती. एवढी वांगी ज्यांनी तोडली, त्यांनी झाडावर एखादं मागं ठेवलं असेल ना?

बियाचं वांगं म्हणजे काय, हे आता सांगावं लागतं. आमच्या परसात वांग्याची दहा-बारा झाडं असायची. त्यांतल्या एका झाडावरच्या एका वांग्याला आजी लुगड्याची चिंधी बांधायची. झाड कुठलंही नाही हं. बुटकं, भरदार, कीड न लागलेलं. वांगंही पहिल्या बहराचं नाही, शेवटचंही नाही, मधलं. एकदा चिंधी बांधली की त्या वांग्याचं जणू लग्न ठरलं. "थे बियाचं हाये, हात लावशीन तं पाय!" आम्ही पोरं त्याच्याजवळूनही जात नसू. बाकीची वांगी कढईत जात राहायची आणि हे एकटं फुगायचं, जांभळ्याचं तपकिरी आणि तपकिरीचं पिवळं व्हायचं, शेवटी सुरकुतायचं. मग एके दिवशी आजी ते तोडायची, आठवडाभर तसंच कोपऱ्यात ठेवायची आणि पाण्यात कुस्करायची. वर तरंगलं ते फोल, ते ओतून द्यायचं. तळाशी बसलं ते बी.

ते चुलीतल्या राखेत चोळायचं आणि वाळवायचं. वाळवायचं म्हणजे रखरखत्या उन्हात फेकायचं नाही. सपरीच्या कडेला, सकाळच्या कोवळ्या उन्हात, सुपावर पसरून. भोपळ्याचं आणि काकडीचं बी तर ती ओल्या गोवरीतच दाबायची आणि गोवरी भिंतीला थापायची. मिरगाच्या आधी गोवरी फोडली की आत बी कोरडं ठणठणीत. भोपळ्याचं बी वाळलं की नाही, हे ती दाताखाली धरून बघायची. कट्ट वाजलं तर वाळलं. नुसतं चेपलं तर आणखी दोन दिवस ऊन.

अमेरिकेत हॅरिंग्टन नावाचे एक बीजशास्त्रज्ञ होऊन गेले. त्यांनी साठवणीचा एक ढोबळ हिशेब सांगितला आहे. बियातला ओलावा एक टक्क्याने उतरवला की त्याचं आयुष्य दुप्पट होतं. साठवणीची जागा पाच अंश सेल्सिअसने थंड केली की पुन्हा दुप्पट. आजीकडे थंड जागा म्हणजे देवघराच्या मागचा अंधारा कोनाडा, आणि ओलावा मोजायला उरलेले सात-आठ दात. तिचं वांग्याचं बी तीन-चार वर्षं हमखास उगवायचं.

सगळ्याच बियांना मात्र हे वाळवणं मानवत नाही. आंब्याची कोय वाळली की मेली. कडुलिंबाची निंबोळी दोन-तीन आठवड्यांत पेरली नाही तर जीव सोडते. जांभळाचंही तेच. म्हणून आजी आंबे खाल्ल्यावर कोया उकिरड्यावर टाकायला सांगायची आणि पहिल्या पावसानंतर तिथे जाऊन तांबूस पानांची रोपं उपटून आणायची. कुठलं बी कोनाड्यात ठेवायचं आणि कुठलं लगेच मातीत घालायचं, ही यादी तिने कधी कुणाला लिहून दिली नाही. तिला लिहिता येत नव्हतंच, म्हणा.

आता गावाच्या नावाकडे वळतो. 'हिवरा' नावाची गावं विदर्भात जागोजागी आहेत. आबाजी, म्हणजे माझे आजोबा, सांगायचे की पूर्वी इथे हिवराची झाडं फार होती, त्यावरून नाव पडलं. हिवर म्हणजे बाभळीचाच भाऊ. साल पांढुरकी, काटे सरळ, फुलं पिवळसर पांढरी. त्याच्या शेंगा शेळ्यांना अतोनात आवडतात. आणि त्याचं बी! दगड परवडला. दाताने फुटत नाही, पाण्यात महिनाभर ठेवलं तरी फुगत नाही. माझ्या जन्माच्या वेळी आजीने वाळक्या लहान भोपळ्याचा एक खुळखुळा केला होता, त्यात खडे घालायचे सोडून तिने हिवराच्या बिया घातल्या. "खड्यानं भोपया फुटते," असं तिचं म्हणणं. तो खुळखुळा माझ्यानंतर दोन भावांनी आणि एका बहिणीने वाजवला, मग तो माळ्यावर गेला.

माझ्या धाकट्या भावाचा मुलगा इथल्याच विवेकानंद कृषी महाविद्यालयात शिकला. त्याला मी विचारलं, इतकं टणक बी उगवतं कसं? तो म्हणाला, "मोठेबाबा, त्याची झोप सालीत असते." बी जिवंत असतं, पण सालीतून पाणी आत शिरत नाही आणि पाणी शिरल्याशिवाय आतला कोंब जागा होत नाही. शेळीने शेंग खाल्ली की बी तिच्या पोटातल्या आम्लातून जातं, साल झिजते आणि लेंडीबरोबर ते बाहेर पडतं, खतासकट. शेळी बसवलेल्या वावरात दुसऱ्या वर्षी हिवराची रोपं का दिसायची, ते मला वयाच्या पन्नाशीनंतर कळलं. रोपवाटिकेत हेच काम गंधकाच्या आम्लाने नाहीतर गरम पाण्याने करतात.

काही बियांची झोप सालीत नसते, आत असते. अ‍ॅब्सिसिक आम्ल नावाचं एक द्रव्य कोंबाला निजवून ठेवतं आणि जिबरेलिन नावाचं दुसरं त्याला उठवतं. पाऊस, थंडी, उजेड, दिवस यांचा हिशेब बघून कधी एकाचं चालतं, कधी दुसऱ्याचं. पुतण्याने हे सांगितलं तेव्हा मला घरातल्या दोन म्हाताऱ्याच आठवल्या. एक म्हणायची निजू दे पोराला, दुसरी म्हणायची उठव, शाळा आहे.

तुमच्या घरीही हे बी असतं, फक्त त्याला शिव्या बसतात. मुगाला मोड आणले की त्यात दोन-चार दाणे तसेच्या तसे राहतात. उसळीत शिजत नाहीत आणि जेवताना नेमके दाढेखाली येतात. त्यांना आमच्याकडे गणंग म्हणतात, कुठे कुचर म्हणतात. निकम्म्या माणसालाही गणंग म्हणायची रीत आहे. पण शास्त्राच्या दृष्टीने तो दाणा निकम्मा नाही. सगळ्या भावंडांनी पहिल्याच पावसाला डोकं वर काढलं आणि पुढे पंधरा दिवस आभाळ कोरडं गेलं, तर वंश राखायला मागे राहिलेला तो एक. आजी उसळीतले गणंग बाजूला काढून अंगणात टाकायची. वाया जाऊ नये म्हणून, का आणखी काही तिच्या मनात होतं, ते विचारायचं राहिलं.

एका हट्टी प्राध्यापकाची गोष्ट इथेच सांगून टाकतो. १८७९ साली अमेरिकेत मिशिगनमध्ये विल्यम बील यांनी वीस बाटल्यांत वाळू भरली, त्या वाळूत निरनिराळ्या तणांचं पन्नास-पन्नास दाणे बी मिसळलं आणि बाटल्या जमिनीत पुरल्या. ठरावीक वर्षांनी एकेक बाटली काढायची आणि काय उगवतं ते बघायचं. बील गेले, त्यांचे शिष्य गेले, शिष्यांचे शिष्य गेले. २०२१ साली काढलेल्या बाटलीतलं काही बी १४२ वर्षांनी उगवलं. शेवटची बाटली निघायची आहे २१०० साली. बाटली काढायला ही मंडळी रात्री जातात, चोरासारखी, कारण तणाच्या बियाला उजेडाचा एक झोतसुद्धा जागं करायला पुरतो. डवरा फिरवल्यावर चार दिवसांत पुन्हा तण हिरवं होतं ते एवढ्यासाठीच. आपण निंदायला जातो आणि खालच्यांना ऊन दाखवून येतो.

चोरीवरून आठवलं. ही माझी स्वतःची चोरी.

१९७२ चा दुष्काळ. मी आठ वर्षांचा होतो. माय आणि काकू दुष्काळी कामावर खडी फोडायला जायच्या. रेशनवर अमेरिकेतून आलेली लाल मिलो ज्वारी मिळायची. तिची भाकर तांबडी, थापताना तुटायची आणि तोंडात फिरायची. मुलांना सुकडी मिळायची, तिची चव मात्र मला अजून आवडती म्हणून आठवते, हे सांगायला जरा लाज वाटते. घरात कणगी रिकामी झाली होती. तळ झाडून आजीने कण्या शिजवल्या होत्या. पण देवघरामागच्या कोनाड्यात एक मडकं होतं, तोंडाला फडकं, त्यावर शेणमातीचा लेप. आत गावरान ज्वारीची बिजवाई. पायलीभर असेल, जास्त नाही.

एका दुपारी घरात कुणी नसताना मी लेप फोडला आणि मूठभर ज्वारी काढली. तव्यावर भाजून लाह्या करायच्या, एवढाच बेत. ज्वारी राखेने माखलेली होती, बिब्याचा वास येत होता, आणि भाजल्यावर लाह्या झाल्याच नाहीत, नुसते करपलेले कडू दाणे. ते तोंडातून थुंकताना आजी दारात उभी.

तिने मारलं नाही. करपलेले दाणे वेचायला लावले आणि मोजायला लावले. मला शंभरापुढे नीट येत नव्हतं, तर शंभर-शंभरचे ढीग करायला लावले. मग म्हणाली, "येका दान्याचं येक कनीस. आता सांग, किती कनसं खाल्ली तुनं?" मी रडलो. संध्याकाळी माय आली, आजीने तिला काही सांगितलं नाही. मडक्याला मात्र रात्रीच पुन्हा लेप चढला. दाण्याला राख आणि बिबा लावायचा तो किड्यासाठी, असं मी समजत होतो. आता वाटतं, थोडा आमच्यासाठीही असावा.

पुढे मोठेपणी लेनिनग्राडची हकिकत वाचली. निकोलाय वाव्हिलोव्ह या रशियन शास्त्रज्ञाने जगभर हिंडून धान्यांचं बी जमवलं आणि तिथल्या संस्थेत ठेवलं. १९४१ मध्ये जर्मन फौजांनी शहराला वेढा घातला, तो जवळजवळ नऊशे दिवस राहिला. लोक उपाशी मरत होते आणि संस्थेत तांदूळ, गहू, शेंगदाणे, वाटाणे यांची पुडकी फळ्यांवर रचलेली. राखणाऱ्या शास्त्रज्ञांनी त्याला हात लावला नाही. भाताचा संग्रह सांभाळणारा भाताच्या पुडक्यांमध्ये भुकेने गेला, शेंगदाण्यांचा सांभाळणाराही गेला. आणि वाव्हिलोव्ह स्वतः त्याच काळात स्टालिनच्या तुरुंगात होते, १९४३ च्या जानेवारीत ते तिथेच खंगून मेले. वाचताना मला ते लोक मोठे वाटले, पण परके वाटले नाहीत. मडक्यावरचा लेप ओळखीचा होता.

१९७३ ला पाऊस आला. ती बिजवाई आबाजींनी तिफणीने पेरली. माझ्या मुठीएवढं तास रिकामं राहिलं असेल, ते कुणी दाखवलं नाही.

आबाजींची मतं आजीच्या उलट असायची. ते पेवाचे माणूस. जुन्या गावच्या पांढरीत, म्हणजे जिथे वस्ती असायची त्या पांढऱ्या मातीत, पेवं खणलेली असायची. विहिरीसारखा खोल खड्डा, तोंड निमुळतं, आतून कडबा आणि भुसा लावलेला. त्यात ज्वारी ओतायची आणि तोंड मातीने बुजवायचं. काळ्या मातीत पाणी मुरतं, म्हणून पेव नेहमी पांढरीत. अशी ज्वारी वर्षानुवर्षं टिकायची. तिला एक आंबूस वास यायचा, पण भाकर व्हायची. आबाजींच्या वडिलांनी त्यांना सांगितलं होतं की १८९९-१९०० च्या मोठ्या दुष्काळात ज्यांची पेवं होती ती घरं तगली आणि ज्यांनी पेवं आधीच सावकाराकडे रिकामी केली ती गेली. वऱ्हाड तेव्हा नावाला निजामाचा आणि कारभाराला इंग्रजांचा. आमचं पेव तेव्हा भरलेलं होतं की रिकामं, यावर घरात दोन मतं आहेत आणि दोन्ही सांगणारे आता नाहीत.

पेव उघडायची एक रीत होती. तोंड मोकळं करून बराच वेळ थांबायचं, मग दोरीला कंदील बांधून आत सोडायचा. कंदील विझला तर आत उतरायचं नाही. घाई करणारी माणसं आत गुदमरून मेली आहेत. "आत भूत असते," असं आम्हा पोरांना सांगत. भूत म्हणजे दाण्याचा श्वास. धान्य साठवलं तरी ते जिवंत असतं, प्राणवायू घेतं आणि कार्बन डायऑक्साइड सोडतं. तो वायू जड, तळाशी साचून राहतो. किडेही त्यातच मरतात, म्हणून पेवातलं धान्य टिकतं. पण कोंडलेलं, उबलेलं बी हळूहळू थकतं. आजी म्हणायची, "पेवातली जवारी पोटाले, मडक्यातली वावराले." आबाजी यावर काही बोलायचे नाहीत, पान लावायचे.

मग हायब्रीड आलं. 'सीएसएच-१' ही संकरित ज्वारी १९६४ ची, पण आमच्या शेतात ती बहात्तरनंतरच शिरली. उतारा दुपटीच्या वर. आबाजी खूश. भूक पाहिलेल्या माणसाने खूश व्हावं, त्यात वावगं काही नाही, आणि त्या बियाने घरं जगवली हेही खरं. आजीने पहिल्या वर्षी त्यातलं चांगलं कणीस निवडून मडक्यात ठेवलं. दुसऱ्या वर्षी ते पेरलं तर एक ताट उंच, एक बुटकं, एक कणीस भरलेलं, एक मोकळं. दोन वाणांच्या लग्नातून पहिली पिढी जोमदार होते, दुसऱ्या पिढीत गुण पुन्हा पांगतात, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिने एकाच शब्दात निकाल लावला: "बिनबुडाचं." तेव्हापासून ज्वारीचं बी दुकानातून यायला लागलं आणि ते मडकं लोणच्याला गेलं. कोनाड्यात राहिलं ते फक्त भाजीपाल्याचं.

नव्वदच्या दशकात सोयाबीन आलं आणि ज्वारीच गेली. सोयाबीनचं बी फार नाजूक. साल कागदासारखी, कोंब सालीला लागूनच. पोतं उंचावरून आपटलं तरी आत चीर जाते. झोप तर त्याला नाहीच. २०१९ मध्ये परतीचा पाऊस ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत रेंगाळला तेव्हा शेंगेतच दाण्यांना कोंब फुटले, भिजलेला माल बियाण्यात गेला आणि २०२० च्या जूनमध्ये राज्यभर सोयाबीन उगवलं नाही. तक्रारींचा पाऊस पडला, उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापर्यंत प्रकरण गेलं. आमच्याही चार एकरांत तीच गत झाली. पिशवीवर कुणाचं नाव होतं ते सोडा. दुबार पेरणीला पैसे उभे करताना भावाच्या तोंडाकडे बघवत नव्हतं.

त्यानंतर कृषी खात्याची माणसं गावोगाव सांगत फिरली: पेरण्याआधी घरीच उगवण तपासा. ओल्या गोणपाटावर शंभर दाणे दहा-दहाच्या रांगेत मांडा, गुंडाळा, ओल ठेवा, सहा-सात दिवसांनी उघडून मोजा. सत्तर उगवले तर बी चांगलं, एकरी तीस किलो पेरा. कमी उगवले तर त्या हिशेबाने बी वाढवा. भाऊ पंचायतीसमोरच्या त्या प्रात्यक्षिकाला जाऊन आला आणि मला फोनवर म्हणाला, "दादा, हे तं घट हायेत."

अगदी बरोबर. नवरात्रात आजी पत्रावळीवर वावरातली काळी माती पसरायची, तीत गहू, ज्वारी, करडई, हरभरा असं घरातलं सगळं धान्य मिसळायची, मधे घट मांडायची आणि नऊ दिवस पाणी शिंपडायची. अंधाऱ्या देवघरात ते रोप पिवळंधमक, लांबट वाढायचं, उजेड शोधत. दसऱ्याला ते आम्ही टोपीत खोवून सोनं लुटायला जायचो. पण खोवायच्या आधी आजी वाकून बघायची, गहू किती निघाला, हरभरा किती. दसरा झाला की रब्बीची पेरणी. आता सांगा, हा देव होता की उगवणीची चाचणी? मला वाटतं, तिच्या लेखी या दोन गोष्टी नव्हत्याच. आमच्याच जिल्ह्यात जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळला अक्षय्य तृतीयेला शेतात घट मांडतात, भोवती अठरा धान्यं ठेवतात, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे दाणे कसे हलले ते बघून पीकपाण्याचं भाकीत सांगतात. आबाजींचा त्यावर भरवसा. आजी म्हणायची, हललेल्या दाण्यापेक्षा मोडावलेला दाणा बरा. माझं मत आजीकडे.

बी गावभर, मुलुखभर फिरतं कसं, हे पोरपणी आम्हाला पुस्तकाआधी कपड्यांनी शिकवलं. रुईची बोंडं फुटली की रेशमी केसांच्या म्हाताऱ्या उडायच्या. त्या पकडून फुंकायच्या. कुसळी धोतरात घुसायची; तिचं शेपूट ओलीने पिळतं-उलगडतं आणि बी स्वतःच जमिनीत स्क्रूसारखं शिरतं. एक काटेरी बोंड बैलांच्या शेपटीला चिकटायचं, पुस्तकात त्याला शंकेश्वर म्हणतात, आम्ही नुसतं 'चिकटं' म्हणायचो. त्या एका बोंडात दोन बिया असतात: एक बहुधा पहिल्या वर्षी उगवते, दुसरी मागे थांबते. आणि गाजरगवत! आबाजी ठामपणे सांगायचे की ते मिलोबरोबर आलं. तारखा जुळत नाहीत. पुण्यात ते १९५५-५६ च्या सुमारासच नोंदलं गेलं आणि लोक दोष देतात तो अमेरिकेच्या गव्हाला. पण आबाजींनी बांधावर ते पहिल्यांदा पाहिलं बहात्तरनंतर, म्हणून त्यांच्यापुरतं मिलोच गुन्हेगार. त्याच्या एका झाडाला हजारोंनी बी धरतं. त्याला चिंधी बांधावी लागत नाही.

वाऱ्याने, बैलाने, शेळीने बी नेलं. आमच्या घरचं वांगं मात्र लेकींनी नेलं. माझ्या तीन आत्या. प्रत्येकीच्या पहिल्या दिवाळीला परत पाठवताना आजी ओटीत खणनारळाबरोबर एक पुरचुंडी घालायची: वांगं, दोडकं, बरबटी, ढेमसं. एक आत्या लोणारकडे दिली होती, एक चिखलीकडे, एक थेट जालन्याच्या बाजूला. मला आठवतं, एका वर्षी आमच्या परसात ढेमशाचं बी किडलं, एकही वेल उठला नाही. आजी डगमगली नाही. लोणारच्या आत्याला निरोप गेला आणि पुढच्या एसटीने पुरचुंडी आली, आत्याच्या लुगड्याच्या चिंधीत. बी आमचंच, चिंधी तिची.

नॉर्वेच्या उत्तरेला स्वालबार्ड बेटांवर २००८ साली बर्फाळ डोंगराच्या पोटात बियांचं भांडार उघडलं. उणे अठरा अंशांत जगभरच्या बियांच्या जादा प्रती ठेवलेल्या. ज्याने ठेवल्या त्यालाच परत मिळतात. सिरियातल्या युद्धात अलेप्पोजवळची बियांची पेढी हातची गेली तेव्हा २०१५ मध्ये त्या संस्थेने आपलं बी स्वालबार्डहून मागून घेतलं आणि लेबनॉन-मोरोक्कोत पुन्हा पेरलं. ती बातमी वाचली तेव्हा मी बायकोला म्हटलं, ही तर लोणारची आत्या. आपल्याकडेही दिल्लीच्या राष्ट्रीय जनुकपेढीत चार लाखांहून अधिक नमुने आहेत आणि तिचं एक प्रादेशिक केंद्र इथे जवळच, अकोल्याला आहे. अकोल्यावरून आठवलं, अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यातल्या राहीबाई पोपेरे, ज्यांना बीजमाता म्हणतात आणि २०२० ची पद्मश्री मिळाली, त्या अकोल्याच्या, असं आमच्याकडे कित्येक जण अभिमानाने सांगतात. त्या कोंभाळण्याच्या. पण त्यांच्या मडक्यांचे आणि राखेचे फोटो पाहिले की आमच्या लोकांची चूक माफ करावीशी वाटते.

आजी १९८९ मध्ये गेली. तिच्यानंतर मायने दोन-तीन वर्षं चिंधी बांधली, मग रोपं विकत मिळायला लागली. त्यात मायचा दोष नाही. तिचे गुडघे गेले होते, आणि आम्ही मुलं नोकऱ्यांना.

२०२१ च्या उन्हाळ्यात जुनं घर पाडायला काढलं. कोनाड्यात, आजी गेल्यापासून कुणी हात न लावलेल्या पितळी डब्यात तीन पुरचुंड्या निघाल्या आणि माळ्यावर तो खुळखुळा, तडकलेला, पण अजून वाजणारा. पुतण्याने सगळं मागून घेतलं. मी म्हटलं, बघ बाबा. बत्तीस वर्षांचं बी, त्यातून विदर्भाचे बत्तीस उन्हाळे.

वांग्याचे शंभर दाणे त्याने ओल्या गोणपाटात ठेवले. एक नाही उगवला. भोपळा नाही, दोडकं नाही. मग मी आत्यांच्या घरी फोन केले. आत्या तिघीही गेल्या आहेत, लोणारच्या आतेभावाच्या सुनेने विचारलं, "कुठलं वांगं, दादा?" त्यात तिची चूक नव्हती. मलाही ते वांगं कसं दिसायचं हे नीट सांगता आलं नाही. जांभळं होतं, देठाला काटे होते. चवीचं सांगत बसलो आणि मग गप्प झालो.

खुळखुळ्यातून हिवराच्या अकरा बिया निघाल्या, माझ्याच वयाच्या. पुतण्याने प्रत्येकीची साल नेलकटरने जराशी खरडली आणि त्या कोमट पाण्यात रात्रभर टाकल्या. दोन फुगल्या. दोन्ही उगवल्या. एक रोप पहिल्याच पावसाळ्यात शेजारच्या शेळीने खाल्लं. दुसरं वावराच्या वरच्या बांधावर आहे, कमरेएवढं झालंय, काटे धरलेत. शेंगा अजून यायच्या आहेत.